भोसरीतला उन्हाविना वैशाख

उन्हाळ्यात माणसं महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. आमच्या शेजारच्या बाई एकदा काश्मीरला जाऊन आल्या आणि पुढं सहा महिने आम्हाला तिथल्या शिकारा-होड्यांशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. मी भोसरीला गेले. हसा, हसून घ्या. आमच्या महिला मंडळातल्याही सगळ्या हसल्या होत्या. "भोसरीत बघण्यासारखं काय आहे हो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून आता सावकाश लिहिते आहे. जवळजवळ महिनाभर राहिले, त्यात धड ऊन पडलेला दिवस पाहिला नाही, छत्री उलटी झाली, भर रस्त्यात चिखलात बसकण मारली. आणि ज्या कामाला गेले होते त्याचं काय झालं, तेही सांगते.

आम्ही भुसावळचे. आमचे हे रेल्वेत, त्यामुळे पासावर फिरणं सोपं. पण स्वतः कुठं हलायचं नाही, मला पाठवायचं, अशी यांची रीत. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण असतो. लिंबाच्या झाडांना झोके टांगतात. सासरी गेलेली प्रत्येक लेक त्या दिवशी माहेरी यायलाच हवी, नाही आली तर गल्ली विचारते, "का हो, काय झालं?" त्या वर्षी आमची सिंधू आली नाही.

सिंधू माझी नणंद, यांची धाकटी बहीण. तिचे यजमान भोसरीला एका वर्कशॉपात लेथवर होते. काविळीनं गेले, त्याला दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नाही. सगळ्यांना वाटलं, आता सिंधू भावाकडे येईल. हिनं मात्र तिथंच खोली धरून ठेवली आणि आजूबाजूच्या बायकांना कुरडया-शेवया करून द्यायला लागली. हे खूप रागावले, तेव्हा ती यांना म्हणाली, "दादा, मला एक उन्हाळा बघू दे. वाळवणाच्या कामावर माझं निभलं तर इथंच राहीन. नाही निभलं तर तू म्हणशील तेव्हा येईन, शब्द देते."

आखाजी झाल्यावर हे मला म्हणाले, "तू जा. उन्हाळा संपेपर्यंत हवं तर थांब तिच्याजवळ, पण येताना दोघी या. तिला घरी घेऊन ये." म्हणून मी निघाले. भुसावळची बाई वैशाखात बाहेर पडताना जे जे घेते ते सगळं घेतलं होतं. ऊन लागू नये म्हणून ओच्यात कांदा, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या, डोक्याला गुंडाळायला पंचा. छत्री काही घेतली नाही. वैशाखात छत्री कोण घेतं?

भोसरी

पुण्याहून नाशिक रस्त्यानं बस निघाली तेव्हा आभाळ भरून आलेलं. भोसरीला उतरले आणि असा पाऊस कोसळला की कांदा, कैऱ्या, पंचा आणि मी, सगळ्यांची एकच गत झाली. समोरच्या टपरीवरच्या माणसानं आत ओढून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "मावशी, रोज चार वाजता येतोय बघा. कंपनीच्या भोंग्यासारखा."

खरंच तसंच होतं. सकाळी कोंदट, घामानं जीव नकोसा. दुपारी वारा पडायचा. मग धुळीचा लोट उठायचा, कुणाचा तरी पत्रा खडखडत रस्त्यावर यायचा, आणि पाठोपाठ पाऊस, कधी गारा. वीज जायची. वीज गेली की भोसरीत एक विलक्षण गोष्ट होते, ती मात्र बघण्यासारखी, खरं म्हणजे ऐकण्यासारखी आहे. दिवसभर लेथ, प्रेस, घण यांचा जो आवाज कानात भरून असतो तो एकदम थांबतो. सगळं गाव दचकून गप्प होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी वाईट घडलं. सिंधू हसून म्हणाली, "काही नाही वहिनी, लाइट गेली."

तिची खोली हौसाबाईंच्या ओळीतली. हौसाबाई मूळच्या भोसरीच्या, जुन्या घराण्यातल्या. रान कारखान्यांना गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी विटांच्या भिंती आणि वर पत्रे घालून खोल्या बांधल्या. एका खोलीत साताऱ्याकडचे, पलीकडे लातूरचे, त्यापुढं रत्नागिरीचे, नगरचे. प्रत्येक स्टोव्हवर निराळी आमटी. पहिल्या रात्री मला पाच घरांतून वाटी आली आणि पाचही आमट्यांना निराळी चव. आमच्या गल्लीत पाहुणी आली तर आधी चौकशी होते, मग वाटी. इथं आधी वाटी. चौकशी झालीच नाही म्हटलं तरी चालेल, कारण शिफ्ट सांभाळून चौकशीला वेळ कुणाला आहे!

आता सिंधूचं काम सांगते. या बायकांना गावाकडं अंगण होतं, जावा-नणंदा होत्या, सगळ्या मिळून वाळवणं करायच्या. इथं दहा बाय दहाची खोली आणि नवऱ्याच्या पाळ्या. म्हणून त्या सिंधूकडे आपापला गहू आणून देतात आणि कुरडया घेऊन जातात. ज्या बायकांनी कुरडई कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगते, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून पांढरा चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. यात एक अडचण आहे. एकदा गहू भिजला की मागं फिरता येत नाही. तिसऱ्या दिवशी तो वाटलाच पाहिजे, वाटला की शिजवलाच पाहिजे, शिजवला की वाळवलाच पाहिजे. आणि हा गहू सिंधूचा नव्हता, लोकांचा होता.

सगळ्यात मोठं काम होतं शेवंताबाईंचं. त्या साताऱ्याकडच्या, नवरा फौंड्रीत. थोरल्या मुलीचं लग्न ज्येष्ठात ठरलेलं आणि रुखवतासाठी मोठमोठ्या, ताटाएवढ्या कुरडया हव्या होत्या. हे ऐकून मी चाट पडले. आमच्याकडे लग्नाच्या वाळवणाला पहिला हात सवाष्णीचा लागतो, हळदकुंकू वाहिल्याशिवाय पोळपाट हलत नाही. सिंधूला त्या दिवशी कुणी हाक मारली नसती. मी शेवंताबाईंना हळूच विचारलं, "रुखवताचं आहे ना? सिंधूच्या हातचं चालेल?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दिल्लीचा रस्ता विचारला. "म्हंजे? तिची कुरडई फुलतीया न्हवं?" म्हणाल्या आणि गव्हाचं पोतं टेकवून गेल्या.

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त पळत होतो. सकाळी अंगणात खाटा टाकायच्या, धोतराचं पांढरं कापड पसरायचं, कुरडया घालायच्या. जरा काळं दिसलं की हौसाबाई ओसरीवरनं ओरडायच्या, "उचला गं पोरींनू, आलं आलं!" आणि ओळीतल्या सगळ्या दारांतून बायका धावायच्या, मग कुरडया कुणाच्याही असोत. माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते देवाला माहीत. चिखलात बसकण मारली ती याच धावपळीत, तेव्हाही हातातलं ताट मी वर धरलं होतं, हे आवर्जून लिहिते.

पण उचलून उचलून किती उचलणार? ओल्या कुरडयांना वास यायला लागला, कडेनं काळे ठिपके दिसायला लागले. सिंधू तो भाग वेगळा काढायची आणि हौसाबाईंच्या म्हशीपुढं टाकायची. मी नणंदेला चिडवायची संधी कशी सोडेन! "चल गं बाई आता. माझं नको ऐकू, निदान आभाळाचं तरी ऐक," मी म्हणायची. ती हसायची नाही. "उन्हाळा अजून संपला नाही वहिनी," एवढंच म्हणायची आणि सोऱ्या धुवायला घ्यायची.

चाकण

एका सकाळी हौसाबाई म्हणाल्या, "चला, भावाकडं जाऊन यिऊ. हितं बसून ढगं मोजण्यापरीस बरं." त्यांचा भाऊ चाकणजवळ राहतो. एसटीनं निघालो. मोशी सोडली, इंद्रायणीवरचा पूल ओलांडला. वैशाखात इंद्रायणीला गढूळ पाणी, पुलावरनं जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता. पुढं उघडं माळरान, एरवी म्हणे या दिवसांत पिवळं असतं, तेव्हा त्यावर पोपटी लव आली होती. दिसायला फार सुंदर. खिडकीशी बसून मी तसं म्हणालेही. हौसाबाई म्हणाल्या, "व्हय, सुंदर हाय. पर आपल्या टायमाला नगं का यायला? आमी जलमात असा वैशाख न्हाई बगितला."

चाकणच्या बाजारात उतरल्याबरोबर वास आला. हे कांद्याचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग, त्यांवर ताडपत्र्या, आणि ताडपत्रीखालून तो गोडसर, कुजका वास. मी नाकाला पदर लावला, मग लाज वाटून काढला. तिथली माणसं ढिगात कोपरापर्यंत हात घालून एकेक कांदा चाचपून बाहेर काढत होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. एकानं तर मला विचारलं, "कुठल्या गावच्या? भुसावळ? तिकडं ऊन हाय का हो?" मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, "मग येताना थोडं आणायचं की!" आणि पुन्हा ढिगात वाकला.

हौसाबाईंच्या भावजयीनं जेवायला मासवड्या केल्या होत्या. आम्ही माळकरी, नाव ऐकूनच माझा घास अडला. पण त्यात मासा कुठला, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेलं आणि सोबत झणझणीत रस्सा. इतकं चांगलं मी त्या महिन्यात दुसरं काही खाल्लं नाही. जेवताना त्यांच्या भावानं सांगितलं, की साठवणीच्या चाळीतला अर्धा कांदा गेला. मग म्हणाला, "अर्धा ऱ्हायला," आणि मला आग्रहानं आणखी रस्सा वाढला. परत येताना हौसाबाईंनी गारांनी पडलेल्या कैऱ्यांची पाटी भरून घेतली. बसमध्ये त्यांना मी विचारलं, "तुम्हाला सिंधू काय सांगते? राहीन म्हणते का?" त्यांनी पाटीतल्या कैऱ्या सारख्या केल्या. "ती बोलत न्हाई. पर ऱ्हावी असं मला वाटतं. माझ्या लेकी लांब दिल्या," म्हणाल्या. मी विषय बदलला.

गुरुवार

भोसरीत कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. एका बुधवारी संध्याकाळी दत्तू आला. हा पलीकडच्या खोलीतला, लातूरकडचा, एका लहानशा कारखान्यात रंगखात्यात कामाला. सिंधूला ताई म्हणतो. तेव्हा घरात सगळीकडे कुरडया पसरलेल्या होत्या, खाटेवर, पेटीवर, माझ्या अंथरुणावर. शेवंताबाईंच्या ताटाएवढ्या कुरडया तर त्याच दिवशी घातलेल्या, लिबलिबीत. दत्तू दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू का? आमच्या कंपनीत रंग वाळवायची भट्टी हाय. लोखंडावरला रंग घंट्याभरात खडखडीत वाळतोय, मग कुरडई काय चीज हाय? उद्या सुट्टीच हाय. मालकाला इचारतो, वाळवून टाकूत."

मी म्हटलं, "अरे, वेडाबिडा झालास का?" पण सिंधूचे डोळे चमकले. तिकडची माणसं सगळी असाच विचार करतात, हे मला तोवर कळलं होतं. कारखान्यात जे होतं ते घरी का होऊ नये? हौसाबाईंचा रहाट कारखान्यातल्या बेअरिंगवर फिरत होता आणि दत्तूच्या बायकोचा पोळपाट कापून आला होता तो सुतारकामाच्या करवतीवर नव्हे, पत्रा कापायच्या मशीनवर.

मालक तरुण होते, पुण्याहून स्कूटरवर येणारे. दत्तूनं विचारल्यावर आधी पोट धरून हसले म्हणे. मग म्हणाले, "चालेल. पण आमच्या आईचे पोह्याचे पापडही घ्या. घरात बसायला जागा नाही राहिली." अशी आमची वरात निघाली. हातगाडीवर पराती, टोपल्या, वर मेणकापड, पुढं दत्तू, मागं सिंधूची छत्री धरून आम्ही दोघी, आणि ती छत्री वाऱ्यानं वाटेतच उलटी झाली. भट्टी म्हणजे लोखंडी कपाटासारखी खोली. आतल्या जाळ्या दत्तूनं तीनदा ओल्या फडक्यानं पुसल्या, त्यावर धोतर अंथरलं, कुरडया मांडल्या, आच अगदी मंद ठेवली. बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही त्या भट्टीसमोर बाकावर बसून डब्यातला चिवडा खात होतो. सिंधू म्हणाली, "वहिनी, दादाला सांगा हं, वैशाखातलं ऊन भोसरीला मशीनमधनं काढतात." महिनाभरात पहिल्यांदा ती खळखळून हसली.

दार उघडलं आणि काय सांगू! पांढऱ्याशुभ्र, कडक, एक ठिपका नाही. बोटानं वाजवल्या तर टणटण वाजत होत्या. संध्याकाळी सिंधूनं घराघरात जाऊन ज्याच्या त्याच्या कुरडया पोचवल्या. शेवंताबाईंनी तर आपल्या मुलीला बोलावून दाखवल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता ही काही येत नाही माझ्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली कढई तापली ती हौसाबाईंकडे. त्यांनी मला हौसेनं बोलावलं. कुरडई तेलात पडली, फुलली, मोगऱ्यासारखी फुलली, आणि घरभर वास सुटला. नव्या सायकलीचा. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि तसाच धरून बसले, गिळवेना, थुंकवेना. कुरडई कोरडी असताना काही कळत नव्हतं, पण त्या भट्टीच्या भिंतींत मुरलेला सगळा रंग तिच्यात जाऊन बसला होता आणि तेलात पडल्यावर बाहेर आला होता. जेवणाच्या सुट्टीत घरी आलेल्या दत्तूनं वास घेतला, त्याचा चेहरा पडला. "हा आमचा करडा," तो म्हणाला. "पंपाला मारतो त्यो."

शेवंताबाई ताट घेऊन सिंधूच्या दारात आल्या तेव्हा ओळीतलं प्रत्येक दार उघडं होतं.

"सिंधूताई, ह्यो काय परकार हाय? पोरीच्या रुखवतात ह्ये मांडू मी? व्याही काय म्हंतील, ह्या कुरडया खायच्या का दाराला लावायच्या?"

"चुकलं माझं, शेवंताबाई."

"चुकलं म्हनून गहू परत येतोय व्हय? माज्या बाच्या रानातला गहू हुता. म्हाताऱ्यानं एसटीच्या टपावर टाकून आणला हुता. आता त्येला काय सांगू, रंग दिला म्हनून?"

दत्तू मध्ये पडायला गेला, तर त्याला म्हणाल्या, "तू गप रं, तुझ्यामुळंच झालं." ताट उंबऱ्यावर आपटून त्या गेल्या. बाकीच्या बायका भांडल्या नाहीत. त्या आपापल्या दारातून आत गेल्या, आणि सिंधूला तेच जास्त लागलं. तिनं उंबऱ्यावर सांडलेले तुकडे वेचून ताटात घातले. मग आत येऊन मला म्हणाली, "वहिनी, दादाला शब्द दिला होता. रविवारच्या गाडीनं निघू या आपण."

मी ज्या कामाला गेले होते ते काम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी तिच्या पेटीत कपडे भरायला लागले आणि भरलेले पुन्हा बाहेर काढून घड्या घालत बसले.

आमच्या घरी सिंधूला कुणी काही कमी पडू देणार नाही. हे तिला जिवापाड जपतील. मी वाईट नाही, वेळेवर ताट वाढीन, आजारपणात उशाशी बसेन. पण आमच्या घरी कुरडया माझ्या असतात. ती माझ्या हाताखाली चीक ढवळेल आणि पाहुण्या बायका मला म्हणतील, "बिचारी सिंधू." भुसावळात तिचं नाव आता तेवढंच आहे, बिचारी सिंधू. आणि इथं महिनाभर मी काय ऐकलं? "सिंधूताई, मीठ किती घालू?" "सिंधूताई, माझं कधी घेता?" आज शेवंताबाईंनी दारात उभं राहून तिला फैलावर घेतलं, तेही एका कारागिराला घ्यावं तसं. आमच्याकडे तिच्याशी कुणी भांडणारसुद्धा नाही. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतील. या विचारानं मला त्या रात्री फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला बोलले नाही, कारण यांनी मला पाठवलं होतं ते तिला आणायला, ठेवायला नव्हे.

रविवार

सकाळपासून आभाळ तसंच. सिंधू ठेवणीतली साडी नेसून तयार झाली होती. पेटी बाहेर काढली. दत्तू कामावर जायचं सोडून पेटी उचलायला आला होता, अपराध्यासारखा खाली बघत. हौसाबाई उंबऱ्यावर बसून होत्या. "जाऊ नगंस म्हनायला मी कोन?" म्हणाल्या. "पर खोली कुनाला दिनार न्हाई. पावसाळाभर तर न्हाईच." सिंधूनं त्यांना वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात शेवंताबाई आल्या. कमरेवर भलंमोठं पातेलं, वर ताट झाकलेलं. कुणाकडे न बघता त्यांनी पातेलं खोलीच्या मधोमध ठेवलं.

"गहू हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या बापानं बाजारातनं आणला. आज तिसरा दिस भिजून."

मी बोटांवर हिशेब केला. म्हणजे शुक्रवारी भांडून गेली ती बाई, आणि त्याच संध्याकाळी तिनं गहू भिजत घातला होता.

सिंधूनं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, तुम्हीच सांगा हिला," ती म्हणाली. "मी निघालेय म्हणून सांगा. मला नाही सांगवत."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी खाली बसले, ताट काढलं. गहू टपोरा फुगला होता. एक दाणा नखानं दाबला तर पांढरं दूध आलं.

"आज पाणी बदललंत का?" मी शेवंताबाईंना विचारलं.

"सकाळीच बदललं."

"मग आज वाटायलाच हवा," मी म्हटलं. "सिंधू, ती साडी बदल आधी. चांगल्या साडीवर चिकाचे डाग निघत नाहीत."

ती जागची हलली नाही. "वहिनी, गाडी..."

"पास माझा आहे. गाडीला मी जाते," मी म्हटलं, आणि आवाज जरा चढवूनच म्हटलं, कारण नणंदेपुढं रडणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

"आणि वाळवणार कुठं?" सिंधूनं विचारलं. तेव्हा शेवंताबाई पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून बोलल्या. "माझ्या खोलीत पंखा हाय. दत्तूच्यात हाय. हौसाबाईच्यात हाय. येकेकीच्या घरात येकेक खाट वाटून घिऊ. चार दिस पोरं भुईवर निजतील, काय मरत न्हाईत. तुमची ती भट्टी तेवढी नगं." यावर दत्तूसकट सगळे हसले, आणि हौसाबाईंनी पाटा-वरवंटा धुवायला घेतला.

त्या कुरडया वाळतील का नाही, हे मला निघताना माहीत नव्हतं. वीज टिकेल का, हेही नव्हतं. निघायच्या वेळी सिंधूचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकात होते, त्यामुळे ती बसपर्यंत आली नाही. बसल्या जागेवरनं तिनं कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवलं आणि म्हणाली, "दादा रागावेल." मी म्हटलं, "रागावू दे. त्यांचं मी बघते." माझी पिशवी दत्तूनं बसपर्यंत आणली. वाटेत आमचा पाऊस सुरू झालाच. सबंध रस्ताभर मी खिडकीत बसून रडले आणि शेजारच्या बाईला वाटलं, पाणी आत येतंय म्हणून, तर तिनं उठून खिडकी लावली.

भुसावळला हे फलाटावर उभे होते. मी उतरले तरी यांचं लक्ष माझ्यामागच्या दाराकडे. एक बाई उतरली, एक म्हातारा उतरला, मग दारात कुणी दिसेना. यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"मागच्या खोलीला चुना मारून घेतलाय," हे म्हणाले. "खाटही नवी विणवून घेतली. सिंधू कुठाय?"

"तिच्या घरी," मी म्हटलं.